कात्री सोडून सगळं

हिवाळ्याची वादळं लागायच्या आत, एप्रिलच्या एका सोमवारी,
लाँच चिलोएच्या धक्क्याला बांधलेली असते, डिझेल भरत असतं,
आणि एदुविना चिगुआय बाकाखालून डबा ओढते.
बिस्किटांचा होता कधीतरी. झाकणावर अजून
निम्मी गाय शिल्लक आहे, निम्मी गंजाने खाल्ली.
बंदर खात्याचा माणूस दरवर्षी सांगतो, पत्र्याचा नको.
दरवर्षी ती हो म्हणते
आणि झाकणाला सायकलच्या ट्यूबची नवी कड लावते.

आधी सगळं बाहेर. फळीवर, कोरड्या फडक्यावर.
वही माझ्याकडे. मी इथे नवी, सतरा आठवड्यांची,
मला अजून गाठसुद्धा एकच येते.

चष्मा कपाळावर, पाकीट नाकाशी. ती वाचते:
गॉज चार. एकाला भोक. बाद.
चिकटपट्टी बोटाला लावते, ओढते. सुटून येते. बाद.
"पण मुदत तर पुढच्या वर्षीची आहे," मी म्हणते.
"ती कारखान्याची. खाऱ्या हवेची वेगळी."

छोट्या पट्ट्यांचं एक खोकं मार्चमध्येच संपतं:
शाळा उघडते, पलीकडच्या बेटांवरची पोरं
नव्या बुटांत लाँचवर चढतात, टाचा सोलून घेऊन.
भाजल्याचं मलम फेब्रुवारीत. खड्ड्यात दगड तापवायचे,
वर शिंपले, बटाटे, डुकराचं मांस, वर पानं,
आणि दर उन्हाळ्यात शहरातला कुणीतरी जावई
दगड निवला का ते हाताने बघतो.
पक्कड, मांसात रुतलेल्या गळाचं टोक तोडायला. तिला तेल.
उलटीच्या पिशव्या.
"त्या मोजत बसू नकोस. नुसत्या भर."

मग पट्टा. काडी पिळून आवळायचा, रक्त थांबवणारा.
नवा पाकिटातच राहतो. सरावाचा जुना
ती मला माझ्याच दंडावर चढवायला लावते,
एका हाताने, डोळे मिटून.
"रात्रीच दिवे जातात," ती म्हणते. "आवळ. अजून. दुखलं पाहिजे."
बोटं पांढरी पडतात. ती घड्याळ बघते, माझं तोंड नाही.

"आर्तेमियोचा हात दोरात गेला तेव्हा डब्यात काय होतं सांगू?
डोकेदुखीच्या तीन गोळ्या, एक कंगवा
आणि लॉटरीचं तिकीट."
मग?
"मग काय. दाबून धरलं. पन्नास मिनिटं. भरती उलटी."
आणि ती स्वतःच्या अंगठ्याकडे बघते,
जसं कुणी उसनं दिलेलं भांडं परत आल्यावर बघतं.
वर धक्क्यावर आर्तेमियो तिकिटं फाडतोय,
एका हाताने आणि दातांनी.

डोळे धुवायच्या पाण्याची बाटली. सील तसंच. मुदत गेली.
"ही वाया गेली," मी वहीत लिहायला घेते.
ती माझ्याकडे अशी बघते की मी वल्हंच पाण्यात टाकलं असावं.
"वाया जावो," ती म्हणते. "सगळा डबा असाच वाया जावो,
आणि दरवर्षी मला नवा घ्यायला लागो. पैसे मी भांडून आणीन."
बाटली फोडून ती पाणी चाकघरातल्या जिरेनियमला घालते.

परत भरताना क्रम वेगळा:
जे घाईत लागतं ते वर, जे घाबरवतं तेही वर,
गोळ्या तळाशी. वही झाकणाला, पेन्सिल दोऱ्याने बांधलेली,
कारण न बांधलेली पेन्सिल इथे एक दिवस टिकत नाही.
गरज सरो वैद्य मरो म्हणतात.
आमच्याकडे गरज नसतानाच कात्री मरते.
गेल्या वर्षी लाल मुठीची. त्याआधीची हिरवी.
या वर्षीची मी स्वतः ठेवली होती, पिवळी,
तिच्यावर "फक्त डब्यासाठी" असं लिहून.

ती रकाना पुन्हा वाचते. मान वर करते.
"बाउतिस्ता!" खाली इंजिनखोलीकडे हाक.
उत्तर येत नाही.
फक्त रबर कापल्याचा आवाज चालू होता,
तो थांबतो.